न दिसणारा जाळ

माझी नात ऋतुजा पाण्यातून काढलेल्या गॅसवर चालणाऱ्या शेगड्या बनवते. काल तिने एक आणली आणि भर उन्हात अंगणात मांडली.

"आजी, तुला पटली तरच मला खात्री वाटेल. टाक भाकरी."

"आधी पेटव तर."

"पेटलीय की. हायड्रोजनचा जाळ उन्हात दिसत नाही. अगं, हात मागे घे!"

पहिली भाकरी भाजण्याआधी मी जाळाला हात जोडते. चुलीचा तांबडा, स्टोव्हचा निळा, सिलिंडरचाही निळा, सगळ्यांना जोडले. जो दिसतच नाही त्याला कसे जोडायचे? ऋतुजा म्हणते, जमिनीतल्या गॅसने हवा तापते. हा उन्हाच्या विजेने पाण्यातून निघतो आणि जळून पुन्हा पाणीच होतो. मला तर पाण्याने आग विझते एवढंच ठाऊक.

पोरीचा चेहरा निकालाच्या दिवशी असतो तसा झाला होता. मी तवा चढवून भाकरी टाकली, मग तवा उतरवून ती त्या रिकाम्या दिसणाऱ्या शेगडीवर धरली. टम्म फुगली.

"काय मग?" ऋतुजाने विचारलं.

"बरी आहे. ऊन उतरलं की जाळही बघीन."

भाकरी टोपलीत ठेवली आणि मग हात जोडले. यावेळी आधी भाकरी झाली, नमस्कार नंतर.