तिसरी लीग आणि पासिर रिसचं किचन

चांगी विमानतळावर ताईने मला जवळ घेतलं आणि आईची तब्येत विचारायच्या आधीच म्हणाली, "काल पुन्हा हरले रे, संजू." हरला होता जर्मनीच्या तिसऱ्या लीगमधला एक फुटबॉल क्लब. ताईचा मुलगा सुमेध तिथे बचावफळीत खेळतो. त्याचा करार फक्त तिसऱ्या लीगपुरता होता. क्लब चौथीत घसरला की करार संपला. हंगामाचे थोडेच सामने उरले होते आणि क्लब अगदी काठावर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरहून सिंगापूर बघायला आलो खरा, पण घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

पासिर रिसच्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्राची बारीक पट्टी दिसते. दाजी रॅफल्स प्लेसच्या बँकेत आहेत. त्यांनी मला हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली मांडलेले खाण्याचे गाळे) नेऊन रोटी प्राटा (आपल्या लच्छा पराठ्याचा भाऊबंद) खाऊ घातला. स्वतः मात्र फोनवर गुणतक्ता बघत बसले आणि त्यांची कोपी (घट्ट गोड दुधाची कॉफी) निवून गेली.

शनिवारी संध्याकाळी सामना होता. मी चहा टाकायला किचनमध्ये गेलो आणि बाहेर एकच गलका झाला. गोल! पुढच्या शनिवारी दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी थांबलो, तर पुन्हा गोल. झालं, माझी बदली कायमची किचनमध्ये.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ताईच्या घरी नवस नाहीत, उपास नाहीत. टीव्हीशेजारी बुद्धमूर्ती आहे, पण तिच्याकडे कुणी काही मागत नाही. अशा घराने मला डांबून ठेवलं! हॉलमध्ये डोकावलो की भाची ऋचा ओरडायची, "मामा, कॅनॉट लाह! गो बॅक!" (लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट.) सुमेधही फोनवर म्हणाला, "मामा, किचन सोडू नकोस हं." हसत म्हणाला, पण म्हणाला.

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. मी उगाच कोथिंबीर निवडत उभा होतो. एक-एक झालं होतं, एवढं ओरडण्यावरून कळलं. मग शेवटची काही मिनिटं उरली आणि बाहेरून आवाजच येईना. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं. पडद्यावर सुमेध दिसला. त्याच्याच बाजूने चेंडू आला, त्याचा पाय घसरला आणि गोल झाला.

सगळे पडद्याकडे बघत राहिले. मग ऋचाने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्यामुळे नाही हं, संजू," ताई म्हणाली. कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

जेवणं तशीच राहिली. उशिराने सुमेधचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

"संपलं, आई." त्याचा आवाज बसला होता. मग त्याने विचारलं, "मामा किचनमध्येच होता ना?"

मी तोंड उघडलं, पण ताईने माझा हात दाबला. "होता रे. शेवटपर्यंत तिथेच होता."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "म्हणजे कुणालाच काही करता आलं नसतं."

मी निघालो त्या सकाळी ताई रोजच्यासारखं पंचशील म्हणत होती. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज अडला. मी शेजारी बसलो आणि ते शील मी म्हटलं. पाचवं तिने सुरू केलं.

नागपूरला सगळे विचारतात, सिंगापूर कसं आहे? छान आहे, मी सांगतो. कारण आणि योगायोग यांतला फरक मी वर्गात शिकवत आलो, पुढेही शिकवेन. पण त्या एका पावलाचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.