पाजायला शिकवणारी

माझी भाची बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. बाळ छातीशी कसं धरायचं, हे नव्या आयांना शिकवणं तिचं काम. पहिला चीक टाकू नका, त्यानं बाळाला आजारांशी लढायचं बळ मिळतं, पाजल्यानं तुमचंही अंगावरून जाणं लवकर कमी होतं, हे ती रोज सांगते. हट्टी सासवासुद्धा तिच्यापुढे नरमतात.

तिला मुलगी झाली. रजा संपून कामावर गेली त्याच दिवशी छाती दाटून आली, युनिफॉर्म ओला झाला. दूध काढून, डबीत भरून ती वॉर्डातल्या फ्रिजकडे गेली.

"अगं बाई, तो लशींचा फ्रिज आहे!" मेट्रन ओरडली.

लशींचं खरंच, पण दुसरा फ्रिज आणायला कोणी हात धरले होते?

"मग पाजायला एखादी खोली द्या, मॅडम. सासूबाई मुलीला घेऊन येतील."

"तू पेशंट आहेस की स्टाफ? एक काय ते ठरव."

त्यानंतर ती बाथरूममध्ये उभ्यानं दूध पिळून बेसिनमध्ये सोडू लागली. घरी बाटली आली. "गावाला शिकवते आणि घरात पावडर!" सासूबाईंनी टोमणा मारलाच. दूध आटत गेलं. एका संध्याकाळी तिनं मुलीला पदराखाली घेतलं, तर मुलीनं तोंड फिरवलं आणि बाटलीसाठी टाहो फोडला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका आईनं बाटली मागितली.

"नको गं," भाची म्हणाली, "एकदा सवय लागली की बाळ आपल्याला विचारत नाही."

मागे उभी असलेली मेट्रन खूश झाली. "किती छान समजावतेस गं तू!"