बबड्या चावला त्याची गोष्ट

"कॅटेगरी थ्री," डॉक्टर मॅडम माझी पोटरी बघून म्हणाल्या.

कॅटेगरी थ्री म्हणजे कुत्र्याचा दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं. त्याच्यावर कॅटेगरीच नाही. पोस्टात लागून मला सहा महिने पण नाही झाले आणि मी डायरेक्ट टॉपला.

मग त्यांनी विचारलं, "हे लाल काय लावलंय?"

मिरची पूड. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी कोपरखैरण्याला लंगडत घरी पोचले तर आईने आधी तिखटाचा डबा उघडला, मग विचारलं कुठे चावलं. "झोंबतंय म्हंजी इष मरतंय," ती म्हणाली. मी कुत्र्यामुळे रडलेच नव्हते, मिरचीमुळे रडले.

मॅडम आईला म्हणाल्या, "आई, ही काय वांग्याची भाजी आहे का?" आणि मला नळाखाली पाय धरून बसवलं. तर ऐका, कुत्रं चावलं की साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं. आणि मग सरळ दवाखाना. तिखट, हळद, चुना सगळं किचनमध्येच राहू दे.

झालं काय, साधं पत्र पेटीत टाकून पुढे जाता येतं, पण रजिस्टर असेल तर सही घ्यावीच लागते. म्हणून मी म्हात्रे काकांचं रजिस्टर घेऊन त्यांच्या गेटमधून आत गेले. त्यांचा बबड्या मोकळाच होता. काका वर गॅलरीत चहा पीत होते. "ये गो, तो काय करत नाय." काका खाली येईपर्यंत त्याने केलं.

दवाखान्यात आधी इम्युनोग्लोब्युलिन. म्हणजे तयार अँटीबॉडीज. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची फौज उभी करायला दिवस लागतात, तोपर्यंत ही भाड्याची फौज. ती जखमेतच टोचतात. मी सिस्टरचं मनगट एवढं आवळलं की त्या म्हणाल्या, "बाळा, याच हाताने मला दिवसभर सुया मारायच्यात." लस मात्र दंडात. पोटात चौदा वगैरे आता काही नसतं, शेजारच्या काकूंचं ऐकू नका.

मग मॅडमनी विचारलं, "त्या कुत्र्याला लस दिलेली आहे का?"

मला काय माहीत.

"दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. ठणठणीत राहिला तर प्रश्न नाही. आजारी पडला, मेला, हरवला, लगेच सांगायचं. डोस चुकवायचे नाहीत. रेबीज एकदा झाला की औषध नाही."

इथे माझं हसणं बंद झालं.

संध्याकाळी काकांकडे गेले तर काकू गेटवर. "बबड्या गावाला गेलाय."

मी म्हटलं, "कुत्रा? गावाला?"

"हवापालट." त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. लसीचं विचारलं तर म्हणाल्या, "घरातला हाय तो, त्याला कशाला सुई?"

नंतर कळलं, मी तक्रार करेन म्हणून काकांनी त्याला उरणला काकूंच्या माहेरी लपवला होता. फोन पण उचलत नव्हते. कुत्रा गायब आहे हे मी मॅडमना कळवलं. आणि रेबीजमध्ये पाण्याची भीती वाटते हे मी मोबाइलवर वाचलेलं. मग काय, भीती वाटतेय का ते चेक करायला दर थोड्या वेळाने ग्लासभर पाणी प्यायचे. आई म्हणाली, "कुत्र्यानं न्हाई, पाण्यानं मरशील."

दुसऱ्या डोसला गेले तर रांगेत माझ्या पुढे म्हात्रे काका. हाताला रुमाल गुंडाळलेला.

"कोणाचं कुत्रं?" सिस्टरनी विचारलं.

"रस्त्यावरचा."

मी मागून म्हटलं, "काका, बबड्या ना?"

काकांनी मागे वळून मला बघितलं आणि रुमाल सोडायला लागले. मग हळूच म्हणाले, "उरनला न्यायला गारीत बसवताना चावला गो. दोन दिवस कोनाला सांगितला नाय."

मॅडम त्यांना ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही त्याला हिच्यापासून लपवलात. आता तुमच्यासाठी त्याच्यावर नजर कोण ठेवणार?"

काका घाबरले. "तो मेला तं?"

"तर तुम्ही दोघंही माझ्याकडे पळत यायचं."

त्याच दुपारी काका बबड्याला परत घेऊन आले. मग रोज सकाळी व्हिडिओ कॉल. "बघ गो, खातोय. बघ, शेपटी." एके दिवशी तो खाईना. काका कॅमेऱ्यातच रडवेले, इकडे मी ग्लास हातात घेऊन बसलेली. जनावरांच्या डॉक्टरकडे नेला तर कळलं, काकूंनी लाडाने आदल्या रात्री अख्खी कोलंबीची कढई चारली होती. त्या दिवशी आम्ही दोघं फोनवर एवढे हसलो की आईला वाटलं मला झालाच.

बबड्या ठणठणीत राहिला. माझे डोस पूर्ण झाले, काकांचे पण. मॅडम आणि सिस्टर, थँक्यू, मनगटासाठी सॉरी. बबड्याचा मला राग नाही. अनोळखी माणूस आत आला, त्याने त्याचं काम केलं. मी माझं करत होते. काकांचंच तेवढं राहिलं होतं.

परवा पुन्हा त्यांचं रजिस्टर आलं. मी बाहेरूनच बेल मारली. काका अनवाणी पळत आले, गेटच्या फटीतून हात काढून सही केली. "लस झाली त्याची. आतल्या खोलीत हाय."

मी म्हटलं, "कडी लावलीय?"

काका थांबले, पेन परत दिलं, आणि बघून यायला आत गेले.