उचलून बघायचं नाही

वहिनींना बघितल्याशिवाय राहवत नसे. भात चढवला की घडीघडी झाकण उघडून बघायचं, सरस लावलेली चौकट सुकली का ते बोटानं दाबून बघायचं, कुंडीत पेरलेलं बी रुजलं का ते उकरून बघायचं. बिचारं बी रुजणार कसं? नवरा त्यांना इन्स्पेक्टर म्हणे. गल्लीच्या तोंडाशी दोघांचं काचेचं दुकान होतं. तो काचा कापायचा, वहिनी तसबिरींच्या चौकटी करायच्या, आणि एकमेकांना चिडवत दोघांचा संसार मजेत चालला होता.

काचेचं काम म्हणजे कधी काय कापेल याचा नेम नाही. दुकानदारांच्या संघटनेनं प्रथमोपचाराचा वर्ग ठेवला, तेव्हा नवऱ्यानं कंटाळा केला आणि वहिनी गेल्या. उशीला नळी जोडून लाल पाणी सोडायचं आणि कापडानं दाबून ते थांबवायचं, असा सराव होता. वहिनी जोर लावून दाबायच्या खऱ्या, पण थोड्या वेळानं कापडाचा कोपरा हळूच उचलायच्याच.

"वहिनी, रक्त गोठायला बसतं आणि तुम्ही त्याला उठवता," शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या. "बघायचं ते एकदाच, आधी. आत काच रुतलेली नाही ना, एवढंच. मग दाबून धरायचं. भिजलं तर वर दुसरं कापड ठेवा, पण पहिलं उचलायचं नाही."

घरी हे ऐकून नवरा पोट धरधरून हसला. स्वभावाला औषध नाही, म्हणाला.

पडणारी काच धरायची नाही, सोडून द्यायची, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण एका दुपारी गिऱ्हाइकाचा जुना आरसा फळीवरून घसरला आणि नवऱ्याचा हात आपसूक पुढे गेला. कोपराखाली हात उभा चिरला. रक्ताची धार लागली.

वहिनी धावत आल्या. त्यांनी एकदा नीट पाहिलं. आत काच नव्हती. त्याला जमिनीवर आडवं केलं, धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकला. शेजारच्या कुलूपवाल्याला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. घडी भिजली, तसा त्यानं टॉवेल आणून दिला. वहिनींनी तो वरच ठेवला आणि पुन्हा दाबलं.

नवरा पांढराफटक पडला होता. "अगं, बघ तरी. थांबलं का?"

उभ्या जन्मात त्यानं पहिल्यांदाच बघ म्हटलं होतं. वहिनींचा जीव नुसता तुटत होता. थांबलं असेल का? नसेल तर? हा माणूस गेला तर आपलं कसं व्हायचं?

"नाही बघणार," त्या रडत म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडे बघत राहा."

रुग्णवाहिकेतली माणसं आली, आता सोडा म्हणाली, तर बोटं सुटेनात. एकेक सोडवावं लागलं.

टाके पडले, हात गळ्यात बांधून नवरा घरी आला. त्या संध्याकाळी वहिनींनी भात चढवला आणि हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिल्या. झाकणाला हात लावला नाही. करपल्याचा वास सुटला तरी हलल्या नाहीत.

नवऱ्यानं धडक्या हातानं गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसला.

"उघड गं आता," तो म्हणाला. "मी आहे."