जरा खाली

माझ्या आईचं हिंदी वाईचं होतं. म्हणजे ते हिंदी नव्हतंच. मराठीच जरा मोठ्या आवाजात बोलायचं आणि शेवटी 'है' लावायचं, एवढंच ती करी. 'ये भेंडी निबर है,' असं ती खासगी बाजारातल्या भाजीवाल्याला ठणकावून सांगे, आणि निबर म्हणजे काय हे तोही बिचारा शिकला होता. लग्न होऊन ती ग्वाल्हेरला आली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती, पण शिकायची जबाबदारी समोरच्याची आहे असं तिचं प्रामाणिक मत होतं. आमच्या गल्लीत डावीकडे मराठी, उजवीकडे मराठी, त्यामुळे तिचं कधी अडलंही नाही.

बाबा मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांचं मराठी आईला हिंदी वाटे. ते बदलीला 'तबादला' म्हणत आणि कचेरीला 'दफ्तर'. 'दफ्तर पोरीच्या पाठीवर असतं, तुमची ती कचेरी,' असं आई रोज सकाळी त्यांना दुरुस्त करी. बांधकाम खात्यात ते नकाशे काढत. संस्थान होतं तेव्हा त्यांनी संस्थानचे नाले काढले, मध्यभारत झाला तेव्हा मध्यभारताचे. पाणी दोन्ही राजवटींत सारखंच तुंबत असे. मग मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला ठरली आणि बाबांचं खातं कपाटांसकट उचलून तिकडे न्यायचा हुकूम निघाला. त्या दिवशी बाबा 'तबादला' म्हणाले तो आईने पहिल्यांदाच न दुरुस्त करता ऐकून घेतला.

अशा बांधाबांधीच्या दिवसांत गावातच, इंदरगंजला, आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं. ते कोणी उघडलं हे मला आजतागायत नीट कळलेलं नाही. मंजुरी एका सरकारने दिली होती, रंग दुसऱ्याने काढला होता आणि दारावरच्या पाटीवर दोघांची नावं एकमेकांतून डोकावत होती. इमारत संस्थानी काळातली. आतल्या सरदारांच्या तसबिरी कुठेतरी रवाना झाल्या होत्या, पण त्यांचे खिळे मागे राहिले होते, तेही पार छताजवळ. सरदारांकडे मान वर करूनच बघायचं असल्यामुळे पूर्वी ते ठीक होतं. आता नवा खिळा ठोकायचा तर परवानगी हवी, आणि ती ग्वाल्हेरची, इंदूरची की भोपाळची, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा आधुनिक कलाही सरदारांच्याच खिळ्यांना लटकली.

तिथले व्यवस्थापक प्रयागकडून आलेले, अतिशय सज्जन आणि अतिशय शुद्ध हिंदी बोलणारे गृहस्थ होते. इतकं शुद्ध की त्यांचा हिंदीभाषी चपराशीसुद्धा दोनदा विचारून घेई. इमारतीच्या जुन्या नकाशासाठी ते एकदा आमच्या घरी आले. आई तेव्हा देवळात गेली होती. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक चित्र त्यांनी उलटून पाहिलं आणि ते बाबांकडून मागून घेऊन गेले. बाबांनी हौसेने काढलेलं तेवढं एकच चित्र. बाकी जन्मभर सगळे नाले.

आईला बाबांनी ही गोष्ट सांगितली ती चित्र टांगून झाल्यावर, तीही पानावर बसून, मान खाली घालून. म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन बघून या. मी बरोबर नको."

"तुम्ही का नको?"

"मला अवघडल्यासारखं होतं." मग भात कालवत म्हणाले, "आपलं सगळंच उचलून चाललंय ना भोपाळला. तेवढं एक इथे राहील. बस, इतकंच."

बाबा असं काही मागणारे नव्हते. पगारवाढसुद्धा त्यांनी कधी मागितली नव्हती. त्यामुळे ते वाक्य माझ्या चांगलं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. दार उंच, आत शांत, तेव्हा आईने चपला बाहेरच काढल्या. तिथे आधीच बऱ्याच चपला होत्या. चपराश्याने कोणालाही अडवलं नव्हतं. त्याने स्वतःच्याही काढल्या होत्या. आत आम्ही माना वर करून चालू लागलो. एक चित्र नुसतंच पिवळं होतं. हळदीचा डबा लवंडल्यावर पुसून घ्यायचं सोडून कोणी चौकट लावली, असं आईने मत दिलं. आणखी दोन-तीन कलावंतांचा असाच समाचार घेत ती पुढे गेली आणि एकदम थांबली.

वर, छताजवळ, तिची पाठ होती.

स्वयंपाकघरातली भांड्यांची लाकडी मांडणी, तिच्यावर एकही भांडं नाही. खाली तोंड बांधलेलं गोणपाट. आणि मांडणीकडे तोंड करून बसलेली बाई, अंबाडा सुटत आलेला, लुगड्याला खांद्यापाशी ठिगळ. ते ठिगळ माझ्या ओळखीचं होतं. बांधाबांध करताना आई अशी बसली होती आणि मागच्या खोलीतून बाबांनी ती पाहिली होती. चित्र मला फार आवडलं. आई मात्र चित्राखाली, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेला पुठ्ठा वाचत होती. पुठ्ठा चिकटवायला परवानगी लागत नसावी. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'एक चेष्टा'.

"चेष्टा?" आई म्हणाली. "माझी? ठिगळासकट?"

तिचा चेहरा लाल झाला. रागावलेली आई मला सवयीची होती, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. व्यवस्थापकांनी ते लांबून पाहिलं आणि लगबगीने पुढे आले. हात जोडून त्यांनी विचारलं, "बहनजी, क्या आपको इस चित्र पर कोई आपत्ति है?"

आईला त्या वाक्यातला एकच शब्द कळला, आणि तो तिच्या मनातलाच निघाला. घर मोडायचं, माणसं सोडायची, अनोळखी गावात भाड्याची जागा शोधायची, आणि वर ही चेष्टा. ती म्हणाली, "आपत्ती नाही तर काय भाऊसाहेब! मोठी आपत्ती है!"

ते बिचारे पांढरे पडले. "क्षमा करें," म्हणाले, आणि चपराश्याला शिडी आणायला सांगितली. पाच मिनिटांत चित्र पुठ्ठ्यासकट खाली उतरलं. आपल्या दुःखाची सरकारने इतकी तत्परतेने दखल घेतलेली पाहून आई चकित झाली. घरी येताना म्हणाली, "माणूस चांगला वाटला."

संध्याकाळी बाबांनी दारातूनच विचारलं, "पाहिलं?"

"पाहिलं. उतरवायला लावलं. बायकोची चेष्टा भिंतीवर टांगायची तर भोपाळला जाऊन टांगा."

बाबांनी टोपी काढून हातात धरली. काय झालं ते त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांनी नाव विचारलं, मी म्हटलं, नाव कसलं, एक चेष्टा आहे. जमेल तसं केलंय, असं म्हणायचं होतं मला."

"आणि आपत्ती?"

"हरकत. तुझी हरकत आहे का, असं विचारलं त्यांनी."

आईने पानं घेतली. बाबा रागावले असते तर आम्हां दोघींनाही बरं वाटलं असतं. ते मुकाट्याने जेवले, 'कढी छान झालीय' म्हणाले, आणि कढी त्या दिवशी नासली होती.

सकाळी ते कचेरीत गेल्यावर आईने बेसनाचे लाडू डब्यात भरले. सरकारी माणसाकडे झालं तरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा तिचा नियम. वाटेत मी तिला एक वाक्य शिकवलं, 'मुझे कोई आपत्ति नहीं, फिर से लगा दीजिए.' इंदरगंजच्या चौकापर्यंत ती ते पुटपुटत राहिली, स्तोत्र म्हणावं तशी. आत गेल्यावर तिने ते एका दमात म्हणून टाकलं. व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. चित्र ओळखून आणायला त्यांनी मला चपराश्याबरोबर मागच्या कोठीत पाठवलं. तिथे टांगायची राहिलेली चित्रं एकावर एक रेललेली, बाबांचं कोणीतरी सगळ्यांत मागे सारलेलं, त्यामुळे आम्हाला वेळ लागला. परत आलो तर आई प्रसन्न दिसत होती आणि व्यवस्थापक डोळे मिटून लाडू खात होते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी आणखी एक गोष्ट सांगितली त्यांना. माझं मी बोलले. फार चांगलं ऐकून घेतलं, लगेच लिहूनसुद्धा घेतलं."

काय सांगितलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, निघायच्या दिवशी बघशील.

निघायच्या दिवशी सामान टांग्यात घालून आम्ही स्टेशनला जाताना इंदरगंजला थांबलो. बाबांना आईनेच हाताला धरून उतरवलं. चित्र परत लागलं होतं. त्याच खिळ्याला, तितकंच वर. आईचा चेहरा पडला. बाबा मान वर करून बघत राहिले, मग त्यांची नजर खाली पुठ्ठ्यावर आली. जुना काढून नवा लावला होता. त्यावर लिहिलं होतं, 'जरा खाली'.

"हे नाव कोणी दिलं?" बाबांनी विचारलं.

व्यवस्थापक मागे येऊन उभे होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बहनजी ने। मैंने पूछा, अब नाम क्या लिखें? बोलीं, जरा खाली। दो शब्दों में पूरा चित्र कह दिया। मैं तो रात भर सोचता रहा।"

"मी कसलं नाव दिलं?" आई बाबांना म्हणाली. "ते काहीतरी 'लिखें लिखें' म्हणत होते. मी सांगितलं, जरा खाली लावा. एवढ्या उंचावर बघायचं म्हणजे लोकांच्या माना मोडतील. आणि बघा, लावलं का खाली? नुसतं लिहून ठेवलं."

बाबा हसले. आधी गालात, मग मोठ्याने, इतके की चपराशी आत डोकावून गेला. बदलीचा हुकूम आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मीही कारण न समजता हसायला लागले. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"काय झालं? परत काही चुकलं का माझं?" आईने घाबरून विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "नाव बरोबर आहे. राहू दे तेच. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. जरा खाली, म्हणजे थोडंसं रिकामं."

आईने पुन्हा वर पाहिलं. मांडणीकडे, गोणपाटाकडे, स्वतःच्या पाठीकडे. बाहेर टांगेवाला गाडीची वेळ झाली म्हणून हाका मारत होता. तिने खांद्यावरचा पदर नीट केला.

"थोडंसं कसलं," ती म्हणाली. "सगळंच तर काढलं होतं मी."