अर्धांगवायूवर डिस्को

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा घरात त्यांच्या मरणाची सगळी तयारी झाली होती. फक्त ते तयार नव्हते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं घर तारापूरच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत. मी बोईसरच्या एका कारखान्यात दाब दाखवणारी मीटरं तपासायच्या कामावर होतो. काटा हलला तर मीटर चालू, नाही हलला तर बाद, इतकं सरळ काम. बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर छताला लागली. पालघरचे डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याच्या आत उजव्या हातात काही हालचाल दिसली तर आशा आहे. नाहीतर..." आणि त्यांनी बॅग बंद केली.

डॉक्टरांच्या त्या 'नाहीतर'वर माझ्या आत्याने पूर्ण विश्वास टाकला. सफाळ्याहून ती गंगाजलाचा गडू घेऊनच आली आणि "माजा दादा रे!" म्हणत बाबांच्या उशाशी बसली, ती फक्त जेवायला उठायची. (जेवण मात्र एकही चुकवलं नाही.) चुलतभावाने पांढरं कापड आणलं आणि "सणासुदीत महाग होतंय, म्हणून आत्ताच घेतलं," असं बाबांच्या देखत सांगितलं. मीही मागे नव्हतो. पावसात लाकडं भिजतात म्हणून ती आधीच पडवीत रचून घेतली. किती लागतील याचा अंदाज बाबांच्या वजनावरून काढला, आणि आजारात ते उतरलं असणार म्हणून थोडी वजावटही केली!

अशा घरावर एका दुपारी शेजारच्या नंदूने डिस्को सोडला.

नंदूचा लग्न-हळदीला लाउडस्पीकर लावायचा धंदा. नवीन कॅसेट आली की तो ती घरी वाजवून बघायचा. ही कॅसेट कुठल्याशा हिंदी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची होती. खलनायकाच्या अड्ड्यावर लाल-हिरवे दिवे फिरायला लागतात ना, तेव्हाचं! खालून धम् धम् धम् धम् असा ठोका, वरून टिंव्, टिंव् करत कुठूनतरी सुटणारे बाण, आणि मधूनच पाण्याच्या पिंपात तोंड घालून कोणी शिट्टी वाजवावी तसा एक सूर. माणसाने वाजवलंय असं वाटतच नव्हतं. एखाद्या यंत्राला जरा जास्त झाली असावी, असं वाटत होतं.

मी कुंपणापाशी धावलो. "नंद्या, बंद कर! इथे माणूस जायला टेकलाय!"

त्याने बंद केलं. तेवढ्यात आतून बायको ओरडली, "अहो, मामांचं बोट हाललं! उजव्या हाताचं!"

आम्ही सगळे खाटेभोवती. बोट गप्प.

"नंद्या, चालू कर!"

"आता तर बंद कर बोललास ना, भाऊ?"

"चालू कर म्हणतो ना!"

धम् धम् धम् धम्. बाबांचं उजवं बोट चादरीवरून हळूच उचललं गेलं! पुन्हा बंद केलं, बोट खाली. चालू केलं, बोट वर. मी पुढचे दोन दिवस रीतसर तपासणी केली. भजन लावलं, बोट हललं नाही. नाट्यगीत लावलं, नाही. रेडिओवरच्या बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, आत्याचं रडणं, कशालाच नाही. फक्त डिस्को! निष्कर्ष उघड होता, आणि मी तो गावभर सांगितला: आमच्या बाबांना डिस्को आवडतो.

"दादाला?" आत्या थक्क झाली. "तो तर बाजाची पेटीसुदा घरात घेऊ द्यायचा नाय!"

"मनात दाबून ठेवलं असेल, आत्या. दाब किती वाढतो ते मला विचारा."

डॉक्टर आले, त्यांनी बोट पाहिलं. "उत्तम! जे चाललंय ते चालू ठेवा," म्हणाले. (काय चाललंय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.) झालं! आता तर डॉक्टरांचाच हुकूम. नंदूने त्याचे हळदीचे दोन मोठे स्पीकर आणून बाबांच्या कानांशी एकेक उभा केला. एवढ्या जवळून ठोका पडला की गंगाजलाच्या गडूत लाटा उठायच्या.

आणि गुण येत होता हो! आठवड्याभरात बाबा मान हलवायला लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"डोलतोय बघ दादा!" आत्या म्हणाली.

मग डावा हात हवेत जोरजोरात फिरवायला लागले. "ताल धरला!" नंदू म्हणाला, आणि त्याने आवाज वाढवला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते आम्ही सगळ्यांनी आनंदाचं धरलं. बायकोने पदराने पुसलं आणि तीच कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.

बातमी पसरली. भेटायला येणारे लोक शहाळ्यांऐवजी कॅसेटी आणायला लागले. "ही नवीन हाय, हिच्यात टिंव् टिंव् जास्त हाय," असं सांगून उशाशी ठेवायचे.

एक सांगतो. रोग्यासाठी म्हणून लावलेल्या त्या संगीताची चव हळूहळू सगळ्या घराला लागली होती. मी बायकोला विचारलंही, "तुला हे आवडतं?" ती भांडी घासता घासता म्हणाली, "ह्याच्यात कोण रडत नाय, म्हणून बरं वाटतं." खरं होतं. भजन म्हटलं की मरण येतंच, नाट्यगीतात निदान ताटातूट तरी असते. या यंत्राला दोन्ही ठाऊक नव्हतं. मी बाबांचं मनगट धरून बसायचो. त्यांची नाडी मध्येच अडखळायची, थांबल्यासारखी व्हायची. कॅसेटमधला ठोका मात्र न चुकता, न दमता पडत राहायचा. नाडीनेही असंच पडत राहावं, असं मनात यायचं, आणि मी नंदूला आवाज कमी करू द्यायचो नाही.

पण हावरेपणा वाईट. पाऊस तोंडावर आला, बाबा अजून उठत नव्हते, बोलत नव्हते. मला वाटलं, मात्रा वाढवायला हवी. नंदूच्या ओळखीचा एक ऑर्केस्ट्रावाला होता, कॅसिओ म्हणजे विजेवरचा बाजा वाजवणारा. "कॅसेटने बोट हाललं तर समोरासमोर वाजवल्यावर काय होईल!" असं म्हणून मी त्याला बोलावलं. तो आला चमचमता कोट घालून. त्याने बाजा खाटेच्या अगदी लगत मांडला, वायर भिंतीतल्या प्लगात खुपसली आणि बाबांना वाकून नमस्कार करून विचारलं, "काकांची फर्माईश?"

बाबांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

"काहीपण चालेल म्हणतात," मी सांगितलं.

त्याने सुरुवात केली. आणि बाबा उठले! आधी डाव्या कोपरावर, मग बसते झाले, मग एक पाय जमिनीवर! आत्या किंचाळली, चुलतभाऊ भिंतीला चिकटला. मी ओरडत होतो, "थांबू नका! वाजवा! वाजवा!" बाबा पुढे झुकले ते त्या बाजावरच आदळले. त्यांच्या कोपराखाली दहाबारा पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि गुरं चरायची थांबतील असा सूर निघाला. तो सूर चालू असतानाच त्यांचा उजवा हात, गेलेला, बाद धरलेला हात, थरथरत पुढे सरकला, वायरीला पोचला, आणि त्यांनी ती हिसडून काढली.

शांतता. मग महिन्याभरातला त्यांचा पहिला शब्द:

"बंद!"

आत्याने हंबरडा फोडला, "बोलला! माजा दादा बोलला!" मी आनंदाने वेडा झालो होतो. त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "बाबा, ही नको असेल तर दुसरी लावू?"

बाबांनी माझ्याकडे ज्या दाबाने पाहिलं, तेवढा मी कुठल्या मीटरवर कधी पाहिलेला नाही.

वाचा परत आली तसतसा उलगडा होत गेला. "बोट कशाला उचलत होतो? तो डबा बंद करा म्हणून! मान कशाला हालवत होतो? नको म्हणून! हात नंद्याला मारायला उचलला, तर त्यानं आवाज वाढवला! मरताना लोकांच्या कानात रामाचं नाव सांगतात. माज्या दोनी कानांत तुमी दैत्य बसवले!"

"पण बाबा, गुण आला ना?"

"हेमू," ते म्हणाले, "तुला काटा हाललेला दिसते. का हालला ते नाय कळत."

माझी मोजणी बरोबर होती, हे मी आजही सांगतो. अर्थ लावण्यात तेवढी गफलत झाली. पडवीतली लाकडं पावसाळाभर चुलीत जाळली. पांढऱ्या कापडाचे बाबांनी लेंगे शिवून घेतले आणि चुलतभावाला मुद्दाम बोलावून घालून दाखवले.

दिवाळीनंतर बाबांना तपासणीसाठी पालघरला नेलं. डॉक्टरांनी हात वळवून पाहिला, बोटं उघडमीट करायला लावली. दवाखान्याच्या खाली कॅसेटचं दुकान होतं. तिथे कोणीतरी नेमकं तसलंच काही सुरू केलं. धम् धम् धम् धम्, टिंव्! मी घाबरून बाबांकडे पाहिलं. ते स्वस्थ बसून होते. उजवा हात मांडीवर, एकही बोट हलत नव्हतं.

"छान!" डॉक्टर म्हणाले. "यांची आता काही काळजी नाही." मग त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि चेहरा गंभीर करून मला विचारलं, "पण तुमचा हा पाय असा कधीपासून उडतोय?"

मी काही बोलणार, तोच बाबांनी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं,

"माज्याबरोबरच लागलं ते, डॉक्टर. मी बरा झालो. आता ह्याचं काय होते ते बघा!"