बावन्नच्या पुढचे दोड्डप्पा

दोड्डप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, पहाटे धोतर खोचून असे भरभर निघायचे की शुक्रवार पेठेत नवीन राहायला आलेली माणसं दारात येऊन विचारायची, "कुणाकडं काय झालं?" झालेलं काहीच नसायचं. दोड्डप्पा सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालून यायला निघालेले असायचे.

आमच्या घराण्यातल्या पुरुषाला बावन्नावं वर्ष ओलांडता येत नाही, असं सगळे धरूनच चालत. पणजोबा आणि आजोबा, दोघेही त्याच्या आतच छातीत कळ येऊन गेले होते. म्हणून पुरुष पंचेचाळिशीला आला की बायका त्याला जपायला लागत. जिना चढू द्यायचा नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही. त्यानं दुकानाच्या गादीवर लोडाला टेकून बसायचं आणि ताकद राहावी म्हणून तुपात बुडालेली गव्हाची हुग्गी खायची. विडी मात्र कुणी काढून घेत नसे. जाणाऱ्या माणसाचं तेवढं सुख कशाला हिरावून घ्यायचं?

मी कॉलेजात असताना, पन्नाशीच्या दोड्डप्पांना पहिली कळ आली. डॉक्टरांनी सगळी विचारपूस केली आणि दुखणं वडिलांकडून आलं असेल, पण ही हुग्गी, विडी आणि गादी त्याला खतपाणी घालतेय, असं बजावलं. घरी येऊन दोड्डप्पांनी हुग्गीची वाटी सरकवली. "रगत बापाचं हाय, ते बदलत न्हाय. पर पाय माजं हायेत की," म्हणाले.

चुलती, आमची दोड्डव्वा, हादरली. इतकी वर्षं जीव लावून केलं ते सगळं उलटंच, हे तिला कसं पटावं? दुसऱ्या पहाटे ती त्यांना परत आणायला मागोमाग धावली, आणि भांडत भांडत तळ्यापर्यंत पोचली. पुढं दोघंही रोज जायला लागली.

त्रेपन्नावं लागलं त्या सकाळी सगळं घर जिन्याखाली जमलं होतं. दोड्डप्पा दोनदा माडीवर जाऊन आले आणि मिशीत हसले. मला तर नाचावंसं वाटत होतं. आमच्या घरात इतका आनंद मी कुठल्याच लग्नात पाहिला नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी ते त्याच कळेनं गेले. मातीला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, शेवटी घराण्याचंच खरं झालं. दोड्डव्वा रडायची थांबली.

"सतरा वर्सं चालून मिळवली त्यांनी," ती म्हणाली. "मी सोबत हुते."

बावन्न मीही मागं टाकलंय. परवा पहाटे निघालो तर समोरच्या नव्या भाडेकरूनं घाबरून विचारलं, "कुणाकडं काय झालं?" मला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचंच राहिलं.